घासलेलं बॉनेट

"बाबा, मी घासलेला भाग तुम्ही गुपचूप परत रंगवता ना?"

मैत्रिणींनी ‘बाबांना विचारून दाखव’ अशी पैज लावली होती, म्हणून तिने धडाक्यात विचारून टाकलं. बागकामाचा जुना ट्रॅक्टर तिने एकटीने लोखंडापर्यंत घासला, तर तो तिचा, असं बाबांनी कबूल केलं होतं. पण काल घासलेलं बॉनेट आज पुन्हा लाल झालं होतं.

"मला काय हौस आहे?" बाबा हसले.

"यांनी अजून खिडकी रंगवली नाही, ट्रॅक्टर कसला रंगवतात!" आई म्हणाली.

"मग दोघं इथेच थांबा. हात मला दिसू देत."

तिने तारेचा ब्रश खसाखसा चालवला. रंगाचे पोपडे उडाले, खालचा गंज गेला आणि तळहाताएवढं लोखंड चकाकलं. तिने ऐटीत त्यावर अंगठा टेकवला.

कडेने लाल रंगाचा एक ओला पट्टा सरकत आला. त्यात रंगवायच्या ब्रशच्या केसांच्या रेघा होत्या. त्याला लागून दुसरा आला, अगदी सफाईने. तिसरा तिच्या नखावरून गेला. गार लागला.

आईबाबांचे हात रिकामेच होते.

तिने हात झटकन मागे ओढला. पट्टा अंगठ्यावरून मनगटाकडे निघाला होता.

"आई, बाबा," ती म्हणाली, "मला हा ट्रॅक्टर नकोय."