काचेचं दुसरं टोक

जेवताना रोज जिचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते, ती नवऱ्याच्या कामावरची जोडीदारीण आज आमच्याच खिडकीला काच बसवायला आली. पुरुषभर उंचीची काच दोघांनी अरुंद जिन्यावरून वर आणली. यानं नुसती मान वळवली की ती थांबायची, तिनं पाऊल उचललं की हा वळायचा. तोंडातून एक शब्द नाही! माझा नुसता जळफळाट होत होता.

तो हात धुवायला गेला, तशी पाणी देता देता मी तिला विचारलंच, "इतकं कसं गं जमतं तुमचं?"

ती हसली. "आता जमतं, वहिनी. पहिल्या वर्षात माझ्या हातून चार काचा फुटल्या. दादा दरवेळी तुकडे गोळा करायचे आणि म्हणायचे, 'चल, दुसरी धर.'"

लग्नाच्या पहिल्याच महिन्यात आम्ही दोघं आरसा उचलत असताना माझ्याकडचं टोक निसटलं होतं. एकदाच. त्याला चौदा वर्षं झाली. अजूनही काही जड उचलायचं असलं की हा शेजाऱ्याला हाक मारतो आणि मला म्हणतो, "तू बाजूला हो."