काचेतला पूर्वज

चौथ्या कबरीतही एक हाड सापडलं नाही, तेव्हा कॉम्रेड राको सगळ्यांदेखत थिमीवर घसरला.

थिमी राजधानीहून, तिरानाहून आलेला उत्खननाचा साहेब. राको तालुक्याच्या पक्षाचा सेक्रेटरी. समुद्रापासून दोन हाकांवरच्या या दगडमातीच्या ढिगाऱ्यात इलिरियन लोक, म्हणजे देशाचे प्राचीन पूर्वज, पुरलेले आहेत, याबद्दल दोघांचं एकमत होतं. भाल्याचं पातं निघालं, काशाच्या टाचण्या निघाल्या, माणूस मात्र निघेना. इथली माती हाडं खाते, हे थिमीचं चारदा सांगून झालं होतं. दोन हजार वर्षांत तिने काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं.

"मातीचं मला सांगू नका," राको म्हणाला. "नोव्हेंबरात राजधानीचे पाहुणे येतायत. संग्रहालयात काचेची पेटी तयार आहे. तिच्यात काय, टाचण्या झोपवू?"

पाट्या वाहणाऱ्या बायका खाली बघून हसल्या. प्रेंदा हसली नाही.

प्रेंदा साठीची. सहकारी शेतीवरून तिला इथे धाडलं ते शिक्षा म्हणूनच. तिचा मुलगा न्दुए पाच वर्षांपूर्वी होडीतून पलीकडे इटलीला पळून जायला निघाला आणि पहारेकऱ्यांनी त्याला किनाऱ्यावरच गोळी घातली. प्रेत दिलं नाही. कुठे पुरलं तेही सांगितलं नाही. ती तीनदा राकोच्या कचेरीत गेली आणि तीनदा एकच उत्तर घेऊन परतली : गद्दाराला कबर नसते. तिने डोक्याला सुतकाचा काळा रुमाल बांधला, तर तो भर चौकात उतरवायला लावला. आईने रडायचं की नाही, हेही म्हणे पक्षाने ठरवायचं.

आणि खरंच, ती अजून रडली नव्हती. मयतावर विलाप म्हणावा तर प्रेंदानेच, असं आसपासच्या दहा गावांत बोललं जाई. मेलेल्याचं सगळं आयुष्य ती गाऊन उभं करी. पण डोंगरातली रीत अशी, की विलाप प्रेतासमोरच म्हणायचा आणि पुरुषांनी टोप्या काढून उभं राहायचं. प्रेत नाही, तर विलाप नाही. दुसऱ्यांची कितीतरी मुलं तिने रडून वाटेला लावली होती. स्वतःचा तेवढा राहून गेला होता.

उत्खननाच्या पहिल्याच दिवशी राकोने फर्मावलं होतं, पूर्वजांसाठी एक विलाप होऊन जाऊ दे, वर्तमानपत्रवाले आलेत. प्रेंदा म्हणाली, "रिकाम्या खड्ड्यापुढे मी तोंड उघडत नाही." तेव्हापासून सगळ्यात जड पाटी तिच्या डोक्यावर असे.

दुपारी बायका सुकी अंजिरं वाटून खात. प्रेंदा त्यांना हात लावत नसे. मक्याची भाकरी आणि कांदा खाता खाता तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. कोण कुठला दोन हजार वर्षांपूर्वीचा, त्याला काचेचं घर. आणि काल-परवा मेलेल्याला दोन हात माती नाही. शेजारची द्रांदे तिला कोपराने ढोसून गप्प करी. पण म्हातारीचं चुकत काय होतं?

पाचवा खड्डा समुद्राच्या बाजूला, अगदी कडेला घेतला. तिथली माती भुसभुशीत होती. कमरेइतकं खणलं आणि अख्खा सांगाडा उघडा पडला.

बायकांनी एकच गर्दी केली. थिमी ब्रश घेऊन खाली उतरला आणि बराच वेळ वाकून राहिला. मग त्याने बरगड्यांमधल्या बोटभर जागेतून काहीतरी बारीकसं उचललं, मुठीत धरलं आणि खिशात टाकलं. बायकांना त्याने जेवायला पिटाळलं. सगळ्या गेल्या, प्रेंदा तेवढी काठावर उभी. सांगितलेलं ऐकायला ती नेहमीच उशीर लावी.

"आई, तुम्हीही जा," थिमी हळू म्हणाला.

राको धावतपळत आला. हा नक्की इलिरियनच ना, असं त्याने विचारलं.

"दुसरं कोण असणार इथे?" थिमी म्हणाला.

"हा डावा हात असा वाकडा का?"

"जुनं मोडलेलं हाड आहे. भरून आलेलं."

"म्हणजे लढाईतली जखम," राको खूश होऊन म्हणाला, आणि पेटीवरच्या पाटीवर तेच लिहिलं गेलं.

आठवड्याभराने प्रेंदा राकोच्या कचेरीत गेली. गुडघे धरलेत, पाट्या झेपत नाहीत, संग्रहालयात झाडलोटीचं काम द्या, म्हणाली. राकोने ते आनंदाने दिलं. ती दिवसातून दोनदा पेटीची काच पुसू लागली. म्हातारी वठणीवर आली, असं तो सगळीकडे सांगत सुटला. पाच वर्षं एका आईला दारातून हाकलायचं आणि मग तिने फडकं हातात घेतलं की शाबासकी स्वतःलाच द्यायची, याला निर्लज्जपणाच म्हणायचं.

पाहुणे आले. राकोने भाषण केलं. याच शूराचं रक्त आपल्या नसांत आहे, ज्याने हा किनारा कधी सोडला नाही, वगैरे वगैरे. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग त्याने प्रेंदाला पुढे बोलावलं आणि तिच्या कानाशी म्हणाला, "आता प्रेत समोर आहे. आता नाही म्हणून दाखव."

"म्हणते की," प्रेंदा म्हणाली. "पण रीत पाळा. टोप्या काढा."

राकोने सर्वांत आधी काढली. मग पाहुण्यांनी, मग पहारेकऱ्यांनी. प्रेंदाने पांढरा रुमाल सोडला आणि पदराआडून काळा काढून बांधला. विलापाचा जुन्या रीतीचा पोशाख असेल, असं वाटून कुणी हटकलं नाही. थिमी दाराशी उभा होता, हात खिशात, नजर फरशीवर.

प्रेंदाने काचेवर दोन्ही तळवे टेकले आणि पाच वर्षांत पहिल्यांदा आवाज लावला, "माझ्या लेकरा, अंजिरावर चढू नको म्हटलं होतं ना तुला? पडलास, आणि त्या हाडवैद्याने तुझा डावा हात वाकडाच बसवला."