मांजरांच्या राखणीचं कुत्रं

वरणात मांजराचा केस निघाला आणि जोतीरामला शिसारी आली. त्याने ताट पुढे सारलं. केस पिवळा होता, तेव्हा तो कोणाचा हे विचारायची गरज नव्हती.

"मथुराबाई, एक तर मांजरं ऱ्हातील, न्हाय तर मी."

मथुराबाईची खानावळ सोलापुरात, गिरणीच्या मागल्या गल्लीत होती. जोतीराम त्याच गिरणीत कारकून. एक खानावळ त्याने झुरळापायी सोडली होती, दुसरी वाढप्याच्या काळ्या नखांपायी. बायको मंगळवेढ्याला, सासूच्या आजारपणात अडकलेली. हीसुद्धा खानावळ सुटली तर हाताने भाकरी थापायची पाळी, आणि त्याच्या हातची भाकरी त्याला स्वतःलाच बघवत नव्हती.

शिवाय इथला रविवारचा सशाचा रस्सा. तो सोडायचा म्हणजे काय खाऊन जगायचं?

ससा आणला की त्याचे कान दाराच्या खिळ्याला टांगायचे, म्हणजे जेवणाऱ्याची खात्री पटते, ही मथुराबाईच्या सासरची रीत. ते लांब कान दिसले की जोतीरामच्या तोंडाला पाणी सुटायचं. खानावळीत माशा नुसत्या घोंगावायच्या. भाकरीवर, तांब्यावर, जेवणाऱ्याच्या मिशीवर. त्या कानांवर मात्र एक माशी बसायची नाही. या घरात तेवढी एकच वस्तू स्वच्छ, असं तो म्हणायचा.

मांजरं मात्र ओंगळ. मथुराबाई कुठून कुठून पोरकी मांजरं उचलून आणायची आणि त्यांना दूधभात चारायची. मांजरं इतकी माजली होती की उंदीर समोरून गेला तरी मान वळवत नसत. चुलीच्या राखेत घाण करून ठेवायची. पिवळा बोका तर जोतीरामच्या टोपीत मुतला होता. मथुराबाई त्याच बोक्याला मांडीवर घ्यायची, पोट चाचपायची, पाठीवरून हात फिरवायची आणि तशीच पीठ मळायला बसायची.

"पोटच्या पोरावानी जपलीत मी," ती म्हणाली. "हाकलायची न्हाईत."

"मंग सैपाकघरात तरी येऊ देऊ नका."

"राखंल कोण? मी दिसभर चुलीम्होरं."

"कुत्रं पाळा की."

मथुराबाईने जरा विचार केला. "पाळते. पर मांजराला दात लावणारं नगं. कातड्याला ओरखडा सुदिक यायला नगं. तुमीच बघून द्या."

आपल्या ताटाचा प्रश्न होता. जोतीराम कामाला लागला.

पहिलं कुत्रं एका टांगेवाल्याचं. लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या. आल्या आल्या ते बोक्यावर धावलं आणि तोंडभर पिवळे केस घेऊन उभं राहिलं. मथुराबाईने फुंकणी घालून त्याला दाराबाहेर काढलं. दुसरं गरीब होतं, पण अंगभर खरूज. एका मांजराने कोपऱ्यात ओकून ठेवलं होतं, ते त्याने मन लावून चाटलं. त्या दिवशी जोतीराम जेवला नाही.

तिसरं येडूचं. येडू मेंढरं विकायला बाजारात आला होता. कुत्रं काळं, फाटक्या कानाचं, आणि मेंढरांच्या मुताचा वास असा की जोतीरामने धोतराचा सोगा नाकाला लावला.

"हे चावत न्हाय," येडू म्हणाला. "कळप वाडग्यात घालतंय. नाकानं ढकलतंय निसतं. आन कळपातलं एक जरी कमी आसलं तरी बसायचं न्हाय. वास काढत जाईल, आन गावंल तितनं ढकलत आणंल."

परसात मांजरं कोंडायला कुडाचं वाडगं केलेलं होतंच. कुत्र्याने एक फेरा मारला, दुसरा मारला, आणि मांजरं एकेक करून आत गेली. पिवळ्या बोक्याने त्याच्या नाकावर पंजा ओढला. रक्त आलं. कुत्र्याने तेच रक्ताळलेलं नाक लावून बोक्यालाही आत ढकललं. जोतीरामने पुन्हा सोगा नाकाला लावला.

मथुराबाईने एकेक मांजर उचललं, केस मागे सारून कातडं तपासलं. कुठे ओरखडा नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला.

"हेच ठेवू या," ती म्हणाली. "आता येकबी भाईर जायाचं न्हाय."

रविवारी गिरणीला सुट्टी. जोतीराम अंघोळ करून आला. खिळ्याला कान होते. चुलीपाशी एकही मांजर नव्हतं, राख कोरी, वरणात केस नाही. कितीतरी दिवसांनी तो नाक न दाबता पाटावर बसला. रस्सा त्याने दोनदा वाढून घेतला आणि हाडं चोखून वाटीत ठेवली.

"आज झालं बगा मनासारखं," तो म्हणाला. "तेवढा पिवळा बोका दिसत न्हाय कुटं?"

"आसंल कुटंतरी," मथुराबाई चुलीतलं लाकूड सारत म्हणाली. "गेला तर गेला."

"लई बरं झालं."

परसात कुत्र्याची घालमेल चालली होती. वाडग्याभोवती फिरायचं, कुडातून आत हुंगायचं, पुन्हा फिरायचं. राखेच्या ढिगापर्यंत गेलं. गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलं.

"ह्याला काय झालं?"

"भूक लागली आसंल," मथुराबाई म्हणाली. तिने वर पाहिलं नाही.

कुत्रं उंबरा ओलांडून आत आलं. त्याने चूल हुंगली. रश्श्याचं पातेलं हुंगलं. मग जोतीरामच्या वाटीतली हाडं. जोतीरामने किळसून हात वर केला, तर ते त्याच्या बोटांपाशी आलं, तोंडापाशी आलं.

"हाड्," तो म्हणाला.

कुत्रं हललं नाही. त्याची घालमेल थांबली होती आणि शेपूट हलायला लागलं होतं. आपलं ओलं नाक त्याने जोतीरामच्या पोटाला लावलं आणि दात न लावता, हळूहळू, ते त्याला मांजरांच्या वाडग्याकडे ढकलू लागलं.