अर्ध्या विटेची भिंत

सून आत आली आणि भिंतीकडे बघतच राहिली. कालपर्यंत तिथे ओल येऊन पडलेले काळे डाग होते. आज भिंत पांढरीशुभ्र होती. सासूच्या कोपरापर्यंत चुना लागला होता आणि चेहऱ्यावर परीक्षेत पहिलं आल्याचं समाधान होतं.

"फोटो काढायचेत म्हणालीस ना," सासू म्हणाली. "पहाटेच उठून हात मारून घेतला."

सुनेने कपाळाला हात लावला. शाळेच्या कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून ती आली होती, ती हेच डाग मोबाइलमध्ये घ्यायला. ऑनलाइन वर्गणीच्या पानावर आज घराचे फोटो आणि मिनिटभराचा व्हिडिओ चढवायचा होता. भिंतींना बाहेरून थंडी अडवणारे तक्ते आणि खिडक्यांना दुहेरी काचा, एवढ्यासाठी अनोळखी लोकांपुढे हात पसरायचा होता. सासऱ्यांची छाती तपासून डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, औषधं मी देतो, पण ही थंडी या खोलीत काढली तर पुढची दिसेल याची खात्री देत नाही. हीटर दिवसभर चालू असे. ऊब भिंतीतून बाहेर जाई आणि बिल तेवढं घरात येई.

असली गुळगुळीत भिंत बघून कोणी दमडी देणार नाही, हे सुनेने परोपरीने समजावलं. सासूने सगळं ऐकून घेतलं आणि चुन्याची बादली उचलून खिडकीखाली उरलेल्या डागाकडे वळली. हे घर तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. वस्तीतली निम्मी घरं त्याच्याच हातची. आता गवंड्याच्याच घराला ओल, अशी लक्तरं वेशीवर टांगायला ती तयार नव्हती.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. "नाही मिळाले पैसे, तर आणखी एक पांघरूण घालू."

"आई, तीन आहेत अंगावर. चौथ्याच्या ओझ्यानेच दमतील ते."

सासूने कुंचला पुन्हा चुन्यात बुडवला. सुनेचं चुकतंय असं तिला वाटत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

गवंडी हीटरजवळच्या खुर्चीत बसून ऐकत होता. दोन बायका आपल्यासमोर आपल्याविषयी बोलत असल्या की गप्प बसावं, हे तो लग्नानंतर लवकरच शिकला होता. आज मात्र तो उठला. पेटीतून छिन्नी-हातोडी काढली आणि खिडकीच्या कडेला, जिथे भिंतीची जाडी दिसते तिथे, बोटाच्या पेरांनी टकटक करून पाहिलं. बायको आडवी आली. त्याने तिला हलकेच बाजूला केलं आणि घाव घातला. चार घावांत गिलाव्याचा मोठा पोपडा खाली आला आणि आतली वीट उघडी पडली.

"आता काढ," तो सुनेला म्हणाला.

सुनेने मोबाइल धरला. तो विटेवर हात ठेवून उभा राहिला आणि साइटवर मालकाला सांगावं तसं सांगू लागला.

"हे घर मी बांधलं. लोकांना नऊ इंची भिंती घातल्या, स्वतःला साडेचार इंची. अर्धी वीट. तेव्हा पोरगा व्हायचा होता, थंडी तोंडावर आली होती आणि विटा संपल्या होत्या. म्हटलं, पुढे जाडी वाढवू. ते राहूनच गेलं. चूक माझी आहे. आता सामान..."

इथे त्याला खोकल्याची उबळ आली. ती चांगली दोन मिनिटं पुरली.

सुनेने व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. असाच राहू द्या, ती म्हणाली, हा बघून लोक नक्की देतील. आपली अडचण दिसू द्या, असं त्या पानावरच्या सूचनांतही लिहिलं होतं.

"पुसून टाक," गवंडी म्हणाला. "खोकल्याचे पैसे नकोत मला. भिंतीचे हवेत."

दुसऱ्यांदा तो विटा संपल्या तिथे अडला. तिसऱ्यांदा चुकीपाशी. चौथ्यांदा तर पहिल्याच वाक्याला. सून म्हणाली, उद्या घेऊ. बायकोने कोमट पाणी आणून दिलं. ते पिऊन त्याने पुन्हा विटेवर हात ठेवला. हट्टी माणूस. हे घरही त्याने असंच बांधलं होतं, लोकांच्या कामावरून आल्यावर, एकट्याने.

पाचव्यांदा गाडी पुढे सरकली. "सामान तेवढं हवंय. मजुरी नको. तक्ते कसे बसवायचे ते मी शिकून घेतलंय. इथे खिडकीशी खुर्ची टाकून बसेन आणि पोराकडून करून घेईन. काम वाकडं झालं तर मला विचारा."

त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज गवंड्याचा होता. बोलून झालं तरी तो हलला नाही. सुनेने मोबाइल खाली घेतला, तेव्हा कुठे तो भिंतीला टेकला आणि पोटभर खोकला.

सासू त्याची पाठ चोळत राहिली. तिला रडू आलं, ते तिने येऊ दिलं. मग त्याला खुर्चीत बसवून तिने तोंड पुसलं आणि सुनेकडे वळली.

"मागच्या खोलीत कपाटामागे भिंतीला मोठी भेग आहे," ती म्हणाली. "ह्यांनाही कधी दिसू दिली नाही. चल, कपाट सरकवू."