बशीतला उजेड

डॉक्टर ओगल्यांनी बशीत औषधाचा थेंब टाकला. किनेज नावाचं प्रथिन रोखणारी बाकीची औषधं हौसाबाईंच्या कॅन्सरवर चालली नव्हती. हे शेवटचं होतं. अशी औषधं कधी हृदयालाच इजा करतात, म्हणून हल्ली ती आधी बशीला द्यायचे, मग माणसाला.

बशीत हौसाबाईंच्याच रक्तापासून वाढवलेल्या हृदयाच्या पेशी धडधडत होत्या. ठोक्यागणिक त्यांच्यात कॅल्शियम वाढलं की आत भरलेल्या रंगामुळे त्या हिरव्या उजळत, ओसरलं की विझत. हळूहळू ती लुकलुक थांबली आणि बशी नुसती उजळून राहिली.

शेजारी बसलेल्या हौसाबाईंनी हात जोडले. "नवरात्रातल्या दिव्यासारखं अखंड तेवतंय बघा. लागू पडलं औषध."

ओगल्यांनी बशीवर झाकण ठेवलं. आत आवळलेल्या पेशी पुन्हा सैल होत नव्हत्या.

"मावशी," ते म्हणाले, "ते विझायला हवं होतं. प्रत्येक ठोक्याला."