कामाची बाई

"ही कोण?" तुस्कानोबाईंनी विचारलं.

याकोबनं दाराकडं पाहिलं. सोजराबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. पाय अनवाणी, लुगडं वर खोचलेलं, डोक्यावर बाजरीच्या पिठाचं गाठोडं. सून बाळंतपणाला माहेरी गेली, पोराच्या खाण्यापिण्याचे हाल होत असतील म्हणून न कळवताच आली होती. देहूरोड स्टेशनवरून विचारत विचारत, चालत.

तुस्कानोबाई वसईच्या. त्यांचे यजमान लष्कराच्या डेपोत हेडक्लार्क, याकोबचे साहेब. ईस्टरआधीच्या उपवासकाळात क्वार्टरांतली कॅथलिक मंडळी रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थनेला जमत. आज पाळी याकोबची होती, म्हणून त्या मेणबत्त्या द्यायला आल्या होत्या. आपल्या घरची माणसं नगरच्या मिशन शाळेत मास्तर आहेत, असं याकोबनं त्यांना सांगून ठेवलं होतं.

"गावाकडची बाई आहे," तो म्हणाला. "कामाला बोलावलीय."

सोजराबाईनं ते ऐकलं. गाठोडं भिंतीशी टेकवलं, मागच्या दारानं मोरीत गेली आणि सकाळची खरकटी भांडी पुढ्यात ओढली.

तुस्कानोबाई गेल्यावर याकोब मोरीपाशी आला. "आई, अगं..."

"राख कुटं ठिवतोस रं?" तिनं विचारलं.

संध्याकाळी खोली माणसांनी भरली. याकोबनं तिला आत बोलावलं नाही, आणि तीही आली नाही. बाहेर पायरीवर बसली. जपमाळ झाली. मग त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचायचं आणि त्यावर चार शब्द बोलायचे, हे काम याकोबचं. तो बोलायचाही छान. फादरसुद्धा कौतुक करायचे.

त्या बुधवारचा उतारा मत्तयचा होता. योना संदेष्टा झाला, निनवे शहर झालं, आणि पुढची ओळ त्याच्या डोळ्यांना आधीच दिसली. तो वाचता वाचता थांबला.

"वाचा ना पुढं," तुस्कानोबाई म्हणाल्या.

त्यानं वाचलं. येशू लोकांशी बोलत असताना कोणीतरी येऊन सांगितलं, तुझी आई बाहेर उभी आहे, तिला तुझ्याशी बोलायचंय. तो म्हणाला, कोण माझी आई?

पायरीवर सोजराबाईनं क्रूसाची खूण केली.

उरलेलं त्यानं कसंबसं संपवलं. जो माझ्या पित्याच्या इच्छेप्रमाणे वागतो तोच माझा भाऊ, तीच माझी बहीण, तीच आई. पुस्तक मिटलं. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"मी आज काय सांगणार?" तो म्हणाला. "ती बाहेर बसलीय ना, ती माझी आई आहे."

तुस्कानोसाहेबांनी डोळे मिटून मान डोलावली. "वा, याकोब! या उताऱ्यावर पुष्कळ प्रवचनं ऐकली. पण कामाच्या बाईला आई म्हणायचं, एवढा सरळ अर्थ कोणी सांगितला नव्हता."

"तसं नाही साहेब, मी खरंच..."

"खरंच तर!" तुस्कानोबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

याकोबनं दाराकडं पाहिलं. सोजराबाई त्याच्याकडं बघून हळूहळू मान हलवत होती. नको, नको. आणखी एक वाक्य बोलायचं राहिलं होतं. ते त्याच्या तोंडात आलंही होतं. तो खाली बसला.

"आमेन," सगळे म्हणाले.

निघताना तुस्कानोबाई पायरीपाशी थांबल्या. दुपारी जिच्याकडं त्यांनी धड पाहिलंही नव्हतं, तिच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"बाई, तुला मुलंबाळं आहेत की नाही?"

सोजराबाई पदर सावरत उठली.

"हाये की. येकच हाये. लई शिकलाय." तिनं आत पाहिलं नाही. "लांब असतो."