मुकुलशिवाय एक आठवडा

"नाही म्हणजे नाही," नीता म्हणाली. "तू गेलास तर इथलं बघणार कोण?"

मुकुल सरदेसाईने हे तिसऱ्यांदा ऐकलं. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात तो करायचा त्याच कामाची नवी टीम उभी राहत होती, तिथं एक जाणता माणूस हवा होता, आणि मुकुलला जायचं होतं. अनघाची कॉलेजातली नोकरी कायम झाल्यापासून ती आणि लेक आर्या पुण्यात, हा एकटा सिंगापूरमध्ये. २०१५च्या गणपतीत तो घरी गेला, तेव्हा सात वर्षांच्या आर्याने आईला विचारलं होतं, "बाबांना पाहुण्यांचा टॉवेल देऊ का?" ते त्याला फार लागलं होतं.

नीता त्याची मॅनेजर. बाई चांगली, आणि तिची अडचणही खरी. जकार्तापासून मनिलापर्यंत कुणीही कंपनीच्या साइटवर काही विकत घेतलं, की पैसे जिथं पोचायचे तिथं बिनचूक पोचवणारी सिस्टिम मुकुलने लिहिली होती. ती बिघडली की मुकुल. ती मंदावली की मुकुल. एकदा तर केस कापायला बसलेला असताना फोन आला आणि हा पठ्ठ्या अर्धं डोकं भादरलेलं तसाच ऑफिसात धावला. त्या अवतारातले फोटो टीमच्या ग्रुपवर अजून फिरतात.

"आणि इथं बघणारं दुसरं कुणी तयार झालं तर?" त्याने विचारलं.

"तर मग प्रश्नच मिटला."

एवढं त्याला पुरलं. दुसऱ्या दिवशी त्याने तन्मयला धरलं.

तन्मय टीममध्ये नवा. हुशार, पण मुकुलच्या कोडला हात लावायची वेळ आली की त्याची गाळण उडायची. "मुकुलदादा, हे तुम्हीच बघा ना," हे ठरलेलं. मुकुलने बघणं बंद केलं. काही बिघडलं की तो खुर्ची मागे सरकवायचा, हाताची घडी घालायचा आणि विचारायचा, "तुला काय वाटतं?" सुरुवातीला तन्मयला काहीच वाटायचं नाही, नुसता घाम फुटायचा. मग हळूहळू वाटायला लागलं. समजावताना मुकुलचीच जीभ जिथं अडखळायची, तेवढा कोड तो पुसून सरळ नव्याने लिहायचा. ऑफिसजवळ बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत जेवायला बसलं तरी सुटका नव्हती.

"दादा, जेवू द्या हो."

"जेव की. पण मनिलात कुणाचे पैसे दोनदा कापले गेले, तर आधी काय बघशील?"

नूडल्स रोज थंड व्हायचे.

अनघाला मात्र धास्ती वाटत होती. "अरे, सगळं शिकवून मोकळा होतोयस. उद्या तुलाच नारळ देतील."

"देऊ देत. पुण्याला येऊन फोडू."

"चेष्टा सुचतेय तुला! या वयात पुन्हा इंटरव्ह्यू देत फिरणार आहेस का?"

तो हसला, पण फोन ठेवल्यावर त्याने आपला जुना बायोडेटा उघडून बघितला. मागे मात्र फिरला नाही.

कंपनीत एक रिवाज होता. टीममधला एखादा माणूस आठवडाभर नाहीच, असं धरून चालायचं. त्याला फोन नाही, मेल नाही, काही विचारणं नाही. त्याच्यावाचून काम चालतं का ते बघायचं. मुकुलचं नाव या सरावासाठी घ्यायची कुणाची छाती नव्हती. त्याने स्वतःच दिलं, आणि तेही वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सेलच्या आठवड्यासाठी.

"वेड लागलंय का तुला?" नीता म्हणाली.

"एकदा बघ तरी."

तो आठवडा त्याने पुंगोलच्या भाड्याच्या खोलीत काढला. बुधवारी सेल सुरू झाला. सेलच्या पहिल्या तासात सिस्टिम दरवर्षी बसायची. मुकुल खाली उतरला आणि पाण्याकाठच्या वाटेवर चालत सुटला. लहान मुलांच्या सायकली चुकवत चालला, खिशातला फोन दर मिनिटाला चाचपत राहिला. एक नजर टाकली असती तर कुणाला कळणार होतं? पण त्याने फोन बाहेर काढला नाही. आपण आज नाही आहोत, असं त्याने स्वतःला मोठ्याने बजावलं. समोरून येणाऱ्या आजीबाई बाजूला झाल्या.

सोमवारी तो ऑफिसात शिरला, तर तन्मय दारातच उभा. "दादा, बसली होती हो! बुधवारी, ऐन गर्दीत! पण आम्ही उठवली. कुणाला कळलंसुद्धा नाही."

मुकुलने त्याला कडकडून मिठी मारली. आपल्यावाचून कुणाचं काहीही अडलं नाही, याचा एवढा आनंद झालेला माणूस त्या मजल्यावर दुसरा नसेल.

दुपारी नीताने आत बोलावलं. तिच्या शेजारी एचआरची साधना बसलेली बघून मुकुल दारातच थबकला. अनघा म्हणत होती तेच खरं झालं की काय!

"अरे, बस. तोंड पाडू नकोस," नीता हसली. "जिंकलास तू. पुण्याची जागा वरून मंजूर झाली. सिस्टिम जाणणारे आता दोघं आहेत, म्हणजे एकाला नक्की पाठवता येईल."

मुकुलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते लपवलं नाही. टेबलाखाली त्याने अनघाला एकच शब्द पाठवला: येतोय.

"आम्ही दोघींनी सगळ्या बाजूंनी विचार केला," साधना म्हणाली. "तू गेलास तर इथं तन्मय एकटा उरतो. उद्या त्याने नोकरी सोडली, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न."

"आणि तन्मय गेला तर काहीच बिघडत नाही," नीता म्हणाली. "तू आहेस ना, आणखी एक तन्मय तयार करशील. रविवारी निघतोय तो."